वाय-फाय गेलं कुठे? डिचोलीतल्या एका वाचनालयाच्या लॅपटॉपचं प्रकरण

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात २०१४च्या सुमाराचा एक लॅपटॉप आहे. चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम. घेतला तेव्हा त्यात विंडोज ८.१ होतं, पुढे फुकट अपग्रेड मिळालं तेव्हा विंडोज १० आलं. पुस्तकांची यादी, वर्गणीचा हिशेब, जत्रेतल्या नाटकाची हँडबिलं, गावातल्या मुलांचे ऑनलाइन अर्ज, सगळं याच एका मशीनवर. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. हा लॅपटॉप त्या चाळणीतून जात नाही. सुरक्षा अपडेट्ससाठी मायक्रोसॉफ्टने आणखी एका वर्षाची सोय ठेवली होती, पण वर्षभराने पुन्हा तिथेच येऊन उभं राहायचं, म्हणून कमिटीने विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम बसवायचं ठरवलं. माझ्या मते निर्णय योग्यच होता. चालतं मशीन भंगारात काढण्याइतका पैसा कुठल्याच गावच्या वाचनालयाकडे नसतो.

गावातल्याच इंजिनिअरिंगच्या एका मुलाने मिंट बसवून दिलं. मशीन आधीपेक्षा चपळ झालं. मराठी कीबोर्ड लागला, लिब्रेऑफिसमध्ये जुनी यादी उघडली, प्रिंटरने कागद ओढला. इंटरनेट मात्र नाही. खालच्या पट्टीवरच्या नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक केलं तर वाय-फायची यादीच येत नव्हती, आणि राउटरची केबल लावली तरी काही होत नव्हतं. मुलाने सगळं पुसून मिंट परत बसवलं. फरक शून्य.

मी या भागातल्या काही शाळांचे आणि वाचनालयांचे संगणक बघतो, म्हणून निरोप आला. वाचनालयाचे अध्यक्ष भाई निवृत्त प्राथमिक शिक्षक, त्यांचं म्हणणं सरळ होतं. "विंडोजवर दोन्ही चालायचं. वायर पण, वाय-फाय पण. म्हणजे खोट या नव्या सिस्टिमचीच ना रे?"

कोणालाही पटेल असाच हा तर्क. दोन वाटा एकाच वेळी बंद दिसल्या की कारणही एकच असणार असं वाटतं. या प्रकरणात कारणं दोन होती, एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेली, आणि त्यातलं एक सिस्टिम बदलण्याच्या बरंच आधीचं होतं. म्हणूनच हे सविस्तर लिहावंसं वाटलं. सिस्टिम बदलल्यावर नेटवर्क कार्ड चाललं नाही की लोक एक तर सिस्टिम परत बसवतात किंवा जुनीकडे वळतात. अडलंय कुठल्या पायरीवर, हे मशीनलाच विचारता येतं, ते राहून जातं.

आधी मशीनला विचारायचं

नेटवर्क कार्ड चालतं म्हणजे एकावर एक बऱ्याच गोष्टी जुळून येतात. कार्ड बसवर, म्हणजे मशीनच्या आतल्या जोडवाटेवर, दिसायला हवं. त्याला ओळखून चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, कर्नलमध्ये, सिस्टिमच्या गाभ्यात, हवा. काही कार्डांना वरून फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची, फाइल लागते. मग इंटरफेस तयार होतो, रेडिओ किंवा तार जागी होते, राउटरशी जोडणी होते आणि शेवटी आयपी पत्ता मिळतो. खालची पायरी तुटली असेल तर वरच्या पायरीवर कितीही खटपट करा, व्यर्थ. पासवर्ड बदलून बघणं, राउटर बंद-चालू करणं हे सगळं वरच्या पायऱ्यांवरचं. इथे तर यादीच येत नव्हती, म्हणजे शोध तळापासून घ्यायला हवा होता.

टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय' ही कमांड 'उणे एनएनके' हा पर्याय लावून दिली. तिच्यात प्रत्येक कार्डाचं नाव, चौकटी कंसात त्याचा ओळख क्रमांक आणि त्याखाली कुठला ड्रायव्हर वापरात आहे ते येतं. नाव फसवू शकतं, कारण एकाच नावाखाली कंपन्या वेगवेगळ्या चिप विकतात. क्रमांक फसवत नाही. त्याचा पहिला भाग चिप बनवणाऱ्याचा, दुसरा भाग त्या चिपचा.

दोन ओळी महत्त्वाच्या निघाल्या. पहिली इथरनेटची: रियलटेक, १०ईसी:८१३६, ड्रायव्हर आर८१६९. दुसरी वाय-फायची: ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२, १४ई४:४३६५, ड्रायव्हर 'बीसीएमए-पीसीआय-ब्रिज'.

म्हणजे दोन्ही कार्डं सिस्टिमला दिसत होती आणि दोघांच्याही पुढे ड्रायव्हरचं नाव होतं. तो मुलगा शेजारी बसून बघत होता, त्याला हेच कोड्यात टाकत होतं. ड्रायव्हर आहे, तर मग चालत का नाही?

वायरचं कार्ड

सुरुवात वायरच्या कार्डापासून केली, कारण आर८१६९ हा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये पूर्वीपासून आहे आणि या चिपवर तो नीट चालतो. 'आयपी लिंक' ही कमांड दिल्यावर इंटरफेस दिसला, 'ईएनपी२एस०' नावाने, आणि त्याच्यापुढे लिहिलेलं होतं 'नो-कॅरियर'. ड्रायव्हर जागेवर आहे, इंटरफेस तयार आहे, पण तारेच्या दुसऱ्या टोकाला कोणी आहे याची खूण कार्डाला मिळत नाही, असा त्याचा अर्थ. केबल खोचली की पोर्टवरचा दिवा लागायला हवा. तो लागत नव्हता.

तीच केबल माझ्या लॅपटॉपला लावली तर लगेच इंटरनेट. म्हणजे केबल बरी, राउटर बरा.

इथे एक जुनं दुखणं तपासून घेणं भाग होतं. विंडोज बंद करताना त्याचा ड्रायव्हर काही रियलटेक कार्डांना अशा झोपेच्या अवस्थेत सोडतो की नंतर लिनक्स सुरू केलं तरी ती उठत नाहीत. दोन्ही सिस्टिम एकाच मशीनवर ठेवणाऱ्यांना याचा अनुभव येतो. त्याचा उपाय म्हणजे चार्जर काढायचा, बॅटरी काढायची, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं आणि मग सगळं परत लावायचं. इतक्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी बाहेरून निघते, त्यामुळे हे करणं सोपं होतं. केलं. दिवा लागला नाही.

आता राहिली निर्णायक चाचणी, जिच्यात कुठलीही ऑपरेटिंग सिस्टिम आड येत नाही. लॅपटॉप चालू होतानाच बूट मेनूत जाऊन नेटवर्कवरून सुरू व्हायला सांगितलं. या वेळी विंडोज नसतं आणि लिनक्सही नसतं, मशीनचं स्वतःचं फर्मवेअर थेट कार्डाशी बोलतं. पडद्यावर संदेश आला की जोडणी सापडत नाही, केबल तपासा. केबल तर खोचलेली होती, आणि तीच केबल मिनिटभरापूर्वी दुसऱ्या मशीनवर चालली होती. पोर्ट मेलेलं होतं.

ग्रंथपाल ताईंना विचारलं, या लॅपटॉपला वायर शेवटची कधी लावली होती? त्यांनी थोडा विचार केला आणि सगळा उलगडा झाला. मे महिन्यात, पावसाआधीच्या गडगडाटात, वाचनालयाचा राउटर जळला होता. तोवर लॅपटॉप टेबलावर वायरनेच जोडलेला असायचा. नवा राउटर आला तो वर भिंतीवर लागला आणि तेव्हापासून सगळे वाय-फायवर. वायर कोणी लावूनच बघितली नव्हती. भाई म्हणाले ते खोटं नव्हतं, विंडोजवर वायर खरंच चालायची. फक्त ती मेपर्यंत चालायची.

आपल्याकडे हे फार घडतं, म्हणून इथे थोडं थांबतो. लोक म्हणतात, आता फायबर आलं, विजेची भीती गेली. फायबर काचेचं असतं, त्यातून झटका येत नाही हे खरंच. पण राउटरचा अडॅप्टर विजेच्या लाइनवर असतो, आणि राउटरपासून संगणकापर्यंत जाते ती लॅन केबल तांब्याची. झटका अडॅप्टरमधून राउटरमध्ये आणि राउटरमधून त्या केबलने संगणकाच्या पोर्टापर्यंत पोचतो. मग बाकी सगळा संगणक धडधाकट, लॅनचं पोर्ट तेवढं मेलेलं. कार्ड बसवर दिसत राहतं, ड्रायव्हर त्याला पकडतो, आणि तारेकडचा भाग मात्र जळून गेलेला असतो. सत्तरी, डिचोली, फोंडा या पट्ट्यात मे आणि ऑक्टोबरमध्ये गडगडायला लागलं की राउटरचा प्लग आणि लॅन केबल दोन्ही उपसून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

वाय-फायचं कार्ड

वाय-फायची गोष्ट वेगळी होती. सिस्टिम बदलण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ते चालत होतं याला ताईच साक्षी, त्यावर त्या रोज काम करत होत्या. इथे बदल भोवला होता हे नक्की.

कमांडमध्ये दिसलेलं 'बीसीएमए-पीसीआय-ब्रिज' हे नाव दिशाभूल करतं. बीसीएमए हा ब्रॉडकॉमच्या चिपच्या आतल्या बसचा ड्रायव्हर आहे. वाड्याचं फाटक उघडून देणारा, पण घरचं माणूस नव्हे. रेडिओ चालवायला त्याच्या पाठोपाठ बी४३ किंवा बीआरसीएमएसमॅक असा दुसरा ड्रायव्हर यावा लागतो, आणि ४३१४२ ही चिप त्या दोघांच्याही यादीत नाही. त्यामुळे ड्रायव्हरचं नाव दिसतं, वाय-फायचा इंटरफेस काही तयार होत नाही. ब्लूटूथ मात्र दिसत होतं, त्यानेही त्या मुलाचा गोंधळ वाढवला. एकाच कार्डावर दोन्ही असले तरी ब्लूटूथचा भाग आतून यूएसबीच्या वाटेने जोडलेला असतो, त्याचा ड्रायव्हर वेगळा. तो दिसला म्हणून वाय-फायची खात्री देता येत नाही.

या चिपसाठी लिनक्सवर डब्ल्यूएल नावाचा ड्रायव्हर आहे, खुद्द चिपवाल्या कंपनीचा. लिनक्सच्या उबुंटू आणि मिंट या वितरणांवर त्याचं पॅकेज 'बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स' नावाने मिळतं, डेबियन या वितरणावर 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस' नावाने. त्याचा गाभा बंदिस्त आहे, त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, बाहेर नाही, आणि त्याभोवतीचं पातळ आवरण तेवढं खुलं. ते आवरण आपल्या मशीनवरच्या कर्नलसाठी मशीनवरच कंपाइल करावं लागतं, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवावा लागतो. हे काम डीकेएमएस नावाची यंत्रणा आपोआप करते. ही रचना लक्षात ठेवा, पुढे तिच्यामुळेच आणखी एकदा अडलं.

इंटेलचं कार्ड असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं. तिथे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, फार तर फर्मवेअरची फाइल हवी असते, आणि कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या 'डीमेसेज' या कमांडमध्ये ती फाइल सापडत नसल्याची ओळ स्पष्ट दिसते. डेबियनने १० जून २०२३ला आलेल्या 'बुकवर्म' या आवृत्तीपासून अशा फाइली इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली, त्यामुळे त्या जातीची अडचण पुष्कळ कमी झाली. या चिपला त्याचा उपयोग नाही, कारण इथे मुळात ड्रायव्हरच बाहेरून आणायचा होता.

आणि आणायचा कसा? ड्रायव्हरसाठी इंटरनेट हवं, इंटरनेटसाठी ड्रायव्हर. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचं इंटरनेट मशीनला देणं, चालू केलं की लिनक्स त्याला वायरचं नेटवर्क समजतं, कुठलाही जादा ड्रायव्हर लागत नाही. एरवी मी हाच मार्ग सांगतो. केबल मात्र डेटाची हवी. नुसतं चार्जिंग करणाऱ्या स्वस्त केबलवर टेदरिंगचा पर्यायच उमटत नाही आणि माणूस फोनला दोष देत बसतो. इथे अडचण होती ती रेंजची. वाचनालय डोंगराच्या कुशीत, फोनला खिडकीपाशी एखादी दांडी.

म्हणून दुसरा मार्ग धरला. मिंटच्या ज्या पेन ड्राइव्हवरून सिस्टिम बसवली त्याच्यातच ब्रॉडकॉमच्या ड्रायव्हरचं पॅकेज असतं. तो पेन ड्राइव्ह लावून ड्रायव्हर मॅनेजर उघडला. इंटरनेट नाही हे त्याने ओळखलं, पेन ड्राइव्ह जोडून घेऊ का विचारलं आणि यादीत ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर दाखवला. नाटकाच्या तालमीची गाणी भरायची म्हणून तो पेन ड्राइव्ह फॉरमॅट व्हायच्या बेतात होता, तो वाचला हे नशीब. सिस्टिम बसवल्यावर निदान महिनाभर हा पेन ड्राइव्ह पुसू नये.

निळा पडदा

ड्रायव्हर बसला, मशीन रीस्टार्ट झालं आणि वाय-फाय तरीही आलं नाही.

पण आता पायरी बदलली होती. 'मॉडप्रोब डब्ल्यूएल' अशी कमांड देऊन ड्रायव्हर हाताने चढवायला गेलो तर उत्तर आलं, 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. ड्रायव्हर आहे, कंपाइलही झालाय, पण त्याच्यावरची सही कर्नलला मान्य नाही. याचं कारण सिक्युअर बूट. विंडोज ८ पासून लॅपटॉप हे चालू ठेवूनच विकले जातात. ते चालू असलं की लिनक्सचा कर्नल ओळखीची सही असलेलेच ड्रायव्हर आत घेतो. मशीनवर कंपाइल झालेल्या ड्रायव्हरवर मशीनच एक सही करतं, आणि ती सही एकदा माणसाने समोर बसून मान्य करावी लागते.

ती मान्य करण्याची संधी रीस्टार्टच्या वेळी मिळते. ड्रायव्हर बसवताना सिस्टिम एक पासवर्ड मागते. मग मशीन चालू होताना निळा पडदा येतो, कुठलीही कळ दाबा म्हणतो आणि दहा सेकंद वाट बघतो. कोणी दाबली नाही की तो मुकाट निघून जातो आणि सिस्टिम नेहमीसारखी सुरू होते. मशीन सुरू होत होतं तेव्हा सगळे चहाला बाहेर ओसरीवर होते. त्या मुलाला हा पडदा ठाऊकच नव्हता, आणि सहसा कोणालाच नसतो. बाहेरून पाहणाऱ्याला एवढंच दिसतं की ड्रायव्हर बसवला तरी वाय-फाय नाही.

'एमओकेयुटिल' या कमांडने सही पुन्हा पुढे केली, पासवर्ड म्हणून आठ आकडे दिले. आकडेच का, तर त्या पडद्यावर अमेरिकन कीबोर्ड असतो, मराठी किंवा वेगळी मांडणी लावली असेल तर अक्षरं आणि चिन्हं इकडची तिकडे होतात. रीस्टार्ट केलं. पडदा आला, कळ दाबली, 'एनरोल एमओके', 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, रीबूट. मशीन उघडलं तेव्हा खालच्या पट्टीवर वाचनालयाच्या राउटरचं नाव आलेलं होतं, शेजारच्या देवळाच्या समितीचंही.

सिक्युअर बूट बायोसमधून, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमधून, बंद करून टाका असा सल्ला बरेच जण देतात. तसं केलं तर सहीची भानगडच उरत नाही, आणि ज्याला निळ्या पडद्याशी झगडायचं नाही त्याने तसं करायला हरकत नाही. मी इथे ते चालू ठेवलं. या मशीनवर दिवसभर गावातली मुलं बसतात, कोणाकोणाचे पेन ड्राइव्ह लागतात. असलेलं कुलूप काढून टाकायला मन घेत नाही.

ताईंचा एक प्रश्न राहिला होता. राउटरची दोन नावं आहेत, त्यातलं '५जी' लिहिलेलं नाव या लॅपटॉपवर दिसत नाही, ते का? ते दिसणारच नव्हतं. ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते, विंडोजवरही तिला ते नाव कधी दिसलेलं नसणार.

पुढे काय झालं

काही आठवड्यांनी वाय-फाय परत गेलं. या वेळी कोणी घाबरलं नाही, त्या मुलानेच फोनवरून कमांडचं उत्तर वाचून दाखवलं. अपडेट मॅनेजरमधून कर्नलची नवी मालिका बसवली गेली होती, आणि डब्ल्यूएलचं आवरण तिच्यावर कंपाइल झालं नव्हतं. ड्रायव्हरचा मूळ गाभा २०१५चा. कर्नल पुढे जात राहतो आणि त्या आवरणाला वितरणवाले ठिगळं लावत राहतात. ठिगळ यायला उशीर झाला की वाय-फाय जातं.

जुना कर्नल मशीनवर असतोच. चालू करताना एस्केप दाबून बूटचा मेनू आणला, 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा ६.८ मालिकेतला कर्नल निवडला आणि वाय-फाय हजर. मग अपडेट मॅनेजरमधून नव्या मालिकेचा कर्नल काढून टाकला. मिंट २२ ज्या उबुंटू २४.०४वर उभं आहे त्याची ६.८ ही मूळ मालिका आहे आणि तिला २०२९पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. या लॅपटॉपला नव्या मालिकेतून मिळण्यासारखं काही नाही, तेव्हा याच मालिकेवर राहायचं ठरलं.

जळलेल्या पोर्टासाठी यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर घेतला. रियलटेकची आरटीएल८१५३ किंवा एसिक्सची एएक्स८८१७९ चिप असलेले अडॅप्टर लिनक्सवर लावल्याबरोबर चालतात, दोन्हींचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत. पुढच्या वेळी वाय-फाय गेलंच तर ड्रायव्हर उतरवून घ्यायला आता खात्रीची वायर आहे. डब्ल्यूएल पुढेमागे पूर्णच बंद पडला तर वाय-फायचा यूएसबी डोंगल घ्यायचा, आणि घेताना एमटी७६ या ड्रायव्हरवर चालणारी मीडियाटेकची चिप बघून घ्यायची, हेही ठरलंय. डब्यावर चिपचं नाव क्वचितच असतं, म्हणून दुकानदाराला आधी विचारायचं आणि परत घेण्याची बोली करूनच आणायचा.

आणि शेजारच्या गावचं वाचनालय आता याच वाटेवर आहे. त्यांना एवढंच सांगितलंय की सिस्टिम बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरूनच मिंट चालू करा, काहीही न पुसता. त्यात वाय-फायची यादी आली तर बिनघोर बसवा. नाही आली तर कार्डाचा तो ओळख क्रमांक कागदावर उतरवून मला कळवा. आणि विंडोज अजून जाग्यावर आहे तोवर लॅनची वायर एकदा लावून दिवा लागतो का ते बघून ठेवा.